हौसेने गेलेल्याची चौदा दिवसांची मजुरी

जुलै २०२० मध्ये बेळगावात आमच्या गल्लीतील एका घराच्या दारावर विलगीकरणाची नोटीस लागली. घरात तिघेजण राहत होते. मुलगा उद्यमबागेतील एका फौंड्रीत मोल्डिंगच्या कामावर होता, आई घरी शिवणकाम करीत असे आणि धाकटा भाऊ शिकत होता. नोटीस कन्नडमध्ये होती. आईला कन्नड बोललेले समजत असे, पण वाचता येत नसे, त्यामुळे आपल्या दारावर काय लिहिले आहे हे तिने समोरच्या घरातील कॉलेजच्या मुलीला रस्त्यापलीकडून मोठ्याने वाचायला लावले. मुलगा गोव्याहून आला असून घरातल्यांनी चौदा दिवस बाहेर पडू नये आणि कोणी आत जाऊ नये, असा तिचा आशय होता.

मुलगा म्हापशाला दिलेल्या बहिणीला भेटायला चोर्ला घाटाने गेला होता. २ जुलैपासून गोवा पर्यटकांसाठी उघडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. तिथल्या अटी पाळून आणि तपासणीचे पैसे भरून तो दोन रात्री राहिला, एका संध्याकाळी मेहुण्याबरोबर समुद्रावर गेला आणि तिथला फोटो त्याने मोबाईलवर स्टेटसला ठेवला. परत आल्यावर त्याने स्वतःहून आरोग्य खात्याच्या आशाताईंना कळवले. तो फोटो फौंड्रीच्या सुपरवायझरने पाहिला होता. त्याच फौंड्रीतील दुसरा एक कामगार त्याच सुमारास महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात सासऱ्याच्या मयतीला जाऊन आला, नियमाप्रमाणे सात दिवस सरकारी वसतिगृहात आणि सात दिवस घरी बसला, आणि त्याला मालकाने माणुसकीने अर्धी मजुरी दिली. आमच्या गल्लीतल्या मुलाला काहीही मिळाले नाही. ‘मजा करायला गेला होता, आता बस म्हणावं घरात,’ हे वाक्य गल्लीतही बऱ्याच तोंडी होते, आणि पहिल्या दोन दिवसांत मलाही ते फारसे चुकीचे वाटले नव्हते. पाचव्या दिवशी त्या आईने दुकानदाराला उधारीसाठी खिडकीतून केलेली विनवणी ऐकल्यापासून मात्र या प्रश्नाचा मी सतत विचार करीत आलो आहे. साथीच्या काळात सुट्टीसाठी, हौसेसाठी प्रवास करून आलेल्या आणि त्यामुळे विलगीकरणात अडकलेल्या माणसाला समाजाने आधार द्यावा का, हा तो प्रश्न. द्यावा, असे माझे मत आहे, आणि ते केवळ दयेपोटी बनलेले नाही.

आपण येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. प्रवास शहाणपणाचा होता की नव्हता, हा एक प्रश्न. प्रवासानंतर ज्या माणसाला आपण बळाने घरात बसवतो त्याच्या त्या दिवसांचा खर्च कोणी सोसायचा, हा दुसरा. विलगीकरणात बसणारा माणूस बहुतेक वेळा धडधाकट असतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चौदा दिवसांपर्यंत काळ जाऊ शकतो, म्हणून त्याला चौदा दिवस थांबवले जाते. त्याच्या बसण्याचा फायदा त्याला स्वतःला जवळजवळ काहीच नसतो, तो सगळा आपल्याला म्हणजे शेजाऱ्यांना, बाजारात भाजी विकणारीला आणि फौंड्रीतल्या शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्याला मिळतो. आपण त्याच्याकडून चौदा दिवसांची सेवा सक्तीने घेतो. रस्त्यासाठी कोणाची जमीन घेतली तर भरपाई देताना, ती त्याने कष्टाने घेतली होती की हौसेने, हे आपण विचारत नाही. माणसाचे दिवस घेताना तरी तो भेदभाव का करावा?

जगात या प्रश्नाने त्या वर्षी बरीच धग निर्माण केली. २५ जुलै २०२० रोजी शनिवारी संध्याकाळी ब्रिटिश सरकारने जाहीर केले की त्याच मध्यरात्रीपासून स्पेनहून येणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवस घरी बसावे लागेल. त्याच महिन्यात त्याच सरकारने स्पेनचा प्रवास मोकळा केला होता. हजारो कुटुंबे तिथे आधीच पोहोचली होती, स्वतः परिवहनमंत्री सुट्टीसाठी स्पेनमध्ये होते. आठवड्याला ९५.८५ पौंड असा तिथला आजारपणाचा किमान भत्ता होता, पण तो आजाऱ्यासाठी. प्रवासामुळे घरी बसलेल्या निरोगी माणसाचा त्यावर आपोआप हक्क नव्हता, आणि मालकांनी समजूतदारपणे वागावे एवढेच सरकार सांगत राहिले. हा समजूतदारपणा किती जणांच्या वाट्याला येतो हे उद्यमबागेतील कोणत्याही कामगाराला विचारावे. कॅनडामध्ये उलट दिशेने संताप झाला. आजारी किंवा विलगीकरणात असलेल्या कामगाराला तिथे आठवड्याला ५०० डॉलरचा भत्ता मिळत होता, आणि परदेशात सुट्टी घालवून आलेलेही त्यासाठी अर्ज करू शकतात हे लक्षात आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये सरकारने अशा प्रवाशांना तो बंद करण्याचे ठरवले. सरकार लोकांना घरी राहा म्हणून विनवीत असताना जे विमानात बसले त्यांना करदात्याने पैसे का द्यावेत, हा तिथल्या लोकांचा सवाल होता. तो सवाल मला खोटा वाटत नाही.

आमच्या भागात तो सवाल अधिक टोकदार होतो. निपाणीत विडी वळणारी बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसते. टेंभुर्णीचे पान कातरायचे, तंबाखू भरायची, वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे, हे हजार वेळा झाले की तिची मजुरी ठरते. लॉकडाऊनमध्ये काम बंद पडले, तेव्हा तिला कोणी चौदा दिवसांचे पैसे दिले नाहीत. तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नसेल. ती आगपेटी घेते, तेल घेते, मुलीसाठी चप्पल घेते, आणि त्या प्रत्येक खरेदीत कर भरते. तिच्या त्या करातून गोव्याला समुद्र पाहून आलेल्याला मजुरी द्यायची, हे तिला तोंडावर सांगायची माझी तयारी आहे का? विलगीकरणातील पर्यटकाची बाजू घेणाऱ्या कोणालाही या बाईला टाळून पुढे जाता येणार नाही.

तिला मी सांगेन ते असे. पहिली गोष्ट, तुलाही ते मिळायला हवे होते, आणि तुला मिळाले नाही हा अन्याय दुसऱ्यालाही न मिळाल्याने भरून निघत नाही. दुसरी गोष्ट, पगाराच्या प्रमाणात भरपाई द्यावी असे मी म्हणत नाही. महिन्याला लाख रुपये मिळवणाऱ्याला त्याचे पन्नास हजार भरून देणे हा तुझा अपमानच होईल. सगळ्यांना एकच, किमान दराने मिळावे. २०२०-२१ साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७५ रुपये होती. त्या दराने चौदा दिवसांचे ३,८५० रुपये होतात. ज्याला पगारी रजा आहे किंवा घरून काम करता येते त्याला यातले काही नको, आणि तो मागणारही नाही. राहतो तो फौंड्रीतला मुलगा, खडेबाजारातल्या कापडदुकानातला नोकर, वडगावच्या मागावर रोजंदारीने बसणारा विणकर. यांच्या घरी त्या ३,८५० रुपयांनी तांदूळ, दूध आणि गॅस येतो. तिसरी गोष्ट तुझ्या स्वतःच्या हिताची आहे. तो माणूस घरी उपाशी असेल तर सहाव्या दिवशी कामावर जाईल, आणि ज्या बाजारात तू जातेस त्याच बाजारात तोही येईल.

‘सुट्टीचा प्रवास’ आणि ‘गरजेचा प्रवास’ ही विभागणी विमानतळावर कदाचित सोपी असेल, सीमाभागात ती टिकत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर रेषा पडली, पण आमच्या सोयरिकी त्याच्या फार आधीच्या आहेत. बेळगावची मुलगी चंदगडला दिलेली, निपाणीची कागलला, खानापूरची डिचोलीला. माहेरपण म्हणजे सुट्टी की गरज? बाळंत झालेल्या मुलीला पाहायला आई गेली आणि येताना आंबोलीत धबधब्यापाशी मक्याचे कणीस खायला दहा मिनिटे थांबली, तर तिचा प्रवास कोणत्या रकान्यात लिहायचा? कोल्हापूर-सांगलीकडची माणसे सौंदत्तीच्या यल्लम्माला येतात, चिंचलीच्या मायाक्काला येतात. डोंगरावर नैवेद्य होतो, पोरांना पाळण्यात बसवले जाते, बांगड्यांची खरेदी होते. त्यात देवाचे किती आणि हौसेचे किती हे त्या माणसालाही सांगता येणार नाही. वर्षभर राबणाऱ्याची सुट्टी आपल्याकडे बहुधा अशीच नात्याच्या, देवाच्या आणि लग्नकार्याच्या पोटात येते. ज्याच्याकडे पैसा आहे तो आपल्या प्रवासाला ‘व्यवसायाचे काम’ असे नाव देऊ शकतो. जून २०२० च्या कर्नाटकच्या नियमांत व्यवसायासाठी येणाऱ्यांना विलगीकरणातून वेगळी सवलतही होती. बैठकीनंतर दोन दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात घालवणाऱ्याला कोणी ‘मजा करायला गेला होता’ म्हटले नाही. तो ठपका बसला स्टेटसला फोटो ठेवणाऱ्या पोरावर.

कर्नाटकच्या हद्दीवरील कोगनोळीच्या नाक्यावर त्या काळात मी दोन वेळा थांबलो आहे. दूधगंगेचा पूल ओलांडून आल्यावर गाड्यांची रांग, मंडपाखाली टेबले, थर्मल गन कपाळाशी धरणारे कर्मचारी, आणि सेवासिंधू या कर्नाटक सरकारच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले आहे का ही विचारणा. माझ्या पुढे एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांच्या हातात मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स होती आणि तिच्या घड्या इतक्या वेळा घातल्या-उलगडल्या होत्या की मधोमध कागद फाटला होता. प्रत्येक टेबलापाशी ते तो कागद दोन्ही तळहातांवर पसरून दाखवीत होते. आपले दुःख खरे आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांना ते तीन वेळा उलगडावे लागले. प्रवासाच्या कारणावर आधार ठरवायचा असे आपण म्हटले की प्रत्येक टेबलावर असा कागद तपासणारा माणूस बसवावा लागतो, आणि खरे कारण असलेल्याला तो सर्वात जास्त छळतो, कारण खोटे कारण सांगणारा नेहमी तयारीने आलेला असतो.

साथ आटोक्यात ठेवायची तर माणसाने खरे बोलणे ही पहिली गरज असते. तो कुठे गेला होता, कोणाकोणाला भेटला, कोणत्या गाडीतून आला, हे तो सांगेल तेवढेच आरोग्य खात्याला कळते. खरे सांगितल्याबद्दल ज्याची मजुरी जाते आणि ज्याच्या दारावर नोटीस लागते तो पुढच्या वेळी सांगत नाही. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने गेले तर बाची हे आपले गाव आणि पलीकडे शिनोळी महाराष्ट्रात. डांबरी रस्त्यावर नाका होता, पण शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर नाका कोण बसवणार? दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची वहिवाटच त्या बांधांवरून आहे. अळीमिळी गुपचिळी करून जायचे ठरवले तर मोटारसायकल ढकलत नेणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. पोलिसांची संख्या दुप्पट केली तरी हा प्रश्न सुटला नसता, कारण त्या वाटेने जाण्याचा लोभ आपणच निर्माण केला होता.

हा धडा आपल्या मुलखाने सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तो जेमतेम चार कलमांचा होता. माणसाची तपासणी करण्याचा, त्याला वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला त्यातून मिळाला, पण वेगळे ठेवलेल्याच्या घरी चूल कशी पेटावी याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. पुण्यात घरांत घुसून झडत्या झाल्या आणि लोकांनी आजारी माणसे लपवली, मृत्यूसुद्धा लपवले. त्यातून पुढे जे घडले ते शाळेतल्या इतिहासातही आहे. याउलट आमच्या भागातील गावांत प्लेग आला की लोक आपण होऊन गाव सोडत, माळावर आणि शेतात झोपड्या घालून राहत, आणि ज्याच्याकडे धान्य असे तो नसलेल्याला देत असे, अशा आठवणी मी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या झोपड्यांत कोण कशाच्या निमित्ताने गावाबाहेर जाऊन रोग घेऊन आला याची चौकशी झाली असेलही, पण त्यावर कोणाचे धान्य थांबल्याचे त्या आठवणींत नाही. २०२० साली साथ आली तेव्हा देशभर आपण तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. चूल कशी पेटावी हा शब्द त्यात तेव्हाही नव्हता.

येथे मी एक मर्यादा मान्य करतो, आणि मनापासून मान्य करतो. ज्याला आधीच स्पष्ट बजावले होते आणि तरीही जो निव्वळ हौसेसाठी गेला त्याला सर्व काही फुकट मिळावे असे मी म्हणणार नाही. न्यूझीलंडने यासाठी जी रेघ ओढली ती मला सर्वात न्याय्य वाटते. ११ ऑगस्ट २०२० पासून जे नागरिक देशाबाहेर जातील त्यांनी परत आल्यावर विलगीकरणाच्या हॉटेलचे ३,१०० डॉलर स्वतः भरावेत असा तिथला नियम होता, मात्र त्या तारखेआधी जे बाहेर होते आणि कायमचे घरी परतत होते त्यांना ते माफ होते, आणि खरोखर अडचणीत असलेल्याला सूट मागता येत होती. यात कारण विचारलेले नाही, तारीख विचारलेली आहे. तारखेवर वाद होत नाही, आणि तिच्यासाठी कोणाला दुःखाचा कागद उलगडावा लागत नाही. सिंगापूरने मार्च २०२० मध्येच त्याच्या पुढचे पाऊल टाकले होते. २७ मार्चनंतर सल्ला डावलून परदेशी गेलेला नागरिक परत आल्यावर चौदा दिवसांत कोरोनासाठी रुग्णालयात दाखल झाला तर त्याला सरकारी सवलतीशिवाय पूर्ण बिल भरावे लागेल, असे त्यांनी जाहीर केले. तारीख आधी सांगितली एवढ्यापुरते ते बरोबर, पण उपचाराला हात लावला तेथे ते चुकले असे मला वाटते. बिलाच्या भीतीने जो दवाखान्यात उशिरा येतो तो तोपर्यंत घरातल्या सगळ्यांना रोग देऊन आलेला असतो.

म्हणून खोलीचे भाडे वेगळे आणि जगण्याचा आधार वेगळा, असे मी मानतो. ज्याला हॉटेलात राहायचे आहे आणि परवडते त्याने भाडे भरावे. मे २०२० मध्ये परदेशातून येणाऱ्यांसाठी केंद्राने सात दिवस स्वखर्चाने संस्थेत आणि सात दिवस घरी असा नियम केला होता, आणि गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, दहा वर्षांखालील मुलांचे आईवडील यांना त्यातून वगळले होते. त्याच महिन्यात केरळने परतणाऱ्यांकडून विलगीकरणाचा खर्च घ्यायचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर, गरिबांकडून तो घेतला जाणार नाही, असा खुलासा केला. भाड्याच्या बाबतीत हे सारे ठीक आहे. पण अन्न, उपचार, नोकरी टिकण्याची हमी आणि हातावर पोट असलेल्याला किमान मजुरी, या चार गोष्टी इशाऱ्यानंतर गेलेल्यालाही मिळायला हव्यात, कारण त्या थांबवल्या की फटका त्याच्या घरातल्यांना आणि गल्लीला बसतो. आमच्या गल्लीतला धाकटा भाऊ गोव्याला गेला नव्हता, चौदा दिवस डाळभातावर मात्र तोही होता.

मालकांवर सगळे ढकलणे हाही उपाय नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने लॉकडाऊनमध्ये पूर्ण वेतन द्यावे असा आदेश काढला, पण तो मे महिन्यातच मागे घेतला गेला, आणि दहा माणसांच्या फौंड्रीचा मालक स्वतःच कर्जात असताना तो कुठून देणार हा प्रश्नही खराच होता. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, रस्ता अधिक सरळ आहे. त्यात आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. तो मुळात आजाऱ्यासाठी बांधलेला आहे. सरकारच्या आदेशाने घरी बसलेला निरोगी कामगार आजाऱ्याइतकाच कामाला मुकलेला असतो, हे कायद्यातच स्पष्ट लिहिले तर नोटिशीचा कागद हाच त्याचा दाखला होईल. ज्यांना ईएसआय नाही, आणि अशांचीच संख्या मोठी आहे, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडे (पीडीओ) किंवा महापालिकेच्या वॉर्डात हीच नोटीस दाखवून रोजगार हमीच्या दराने पैसे खात्यात जमा व्हावेत. जो नोटीस लावतो त्याच्याच वहीतून पैशाची नोंद निघावी, म्हणजे माणसाला वेगळा अर्ज करून कारण सांगत बसावे लागणार नाही.

पैशाच्या आशेने लोक मुद्दाम फिरायला जातील, असा एक आक्षेप मला एका सभेत ऐकवण्यात आला. दिवसाला २७५ रुपयांसाठी चौदा दिवस चार भिंतींत बसायला कोणी चोर्ला घाट उतरणार नाही, याहून अधिक उत्तर त्याला द्यावेसे मला वाटत नाही.

त्या मुलाला चौदा दिवसांनंतर फौंड्रीत परत घेतले, पण मजुरी बुडाली ती बुडाली, आणि आईने शिलाई मशीन गहाण ठेवले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मामाच्या आजारपणासाठी त्याला शिनोळीला जावे लागले. २४ ऑगस्टपर्यंत राज्यात विलगीकरणाचे नियम होतेच. या वेळी त्याने आशाताईंना कळवले नाही, स्टेटसला काही ठेवले नाही, रात्री बाचीच्या शेतांतून आला आणि सकाळी आठ वाजता साच्यावर हजर झाला. हे त्याने मला पुढच्या वर्षी, लस घेण्याच्या रांगेत उभे असताना सांगितले. मामाला कोरोना झाला होता का असे मी विचारले. ‘तपासलंच नाही काका,’ तो म्हणाला, ‘तपासलं असतं तर सगळ्यांनाच बसावं लागलं असतं.’